दुरुस्तीला फोन देण्याआधी त्याच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहा

काच फुटली, बॅटरी फुगली किंवा चार्जिंगचा जॅक सैल झाला, की फोन आमच्याकडे येतो. सुटा भाग मिळाला तर बहुतेक फोन पुन्हा चालू होतात आणि ग्राहक समाधानानं म्हणतात, "आता अजून दोन-तीन वर्षं निघतील." बॅटरीपुरतं ते खरं असतं. पण फोनच्या सुरक्षिततेचं वय वेगळं मोजावं लागतं: कंपनी त्याला सिक्युरिटी अपडेट, म्हणजे सिस्टिममधले दोष बुजवणारे बदल, कधीपर्यंत देते त्यावरून. ते वाढवणं कोणत्याही दुरुस्तीवाल्याच्या हातात नसतं. दुरुस्तीचे पैसे घेण्याआधी ही गोष्ट तुम्हाला सांगणं आम्हाला आवश्यक वाटतं.

तारीख कुठं सापडते

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाऊट फोन' उघडा आणि 'अँड्रॉइड व्हर्जन'वर टॅप करा. तिथं 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट' किंवा 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' या नावाखाली एक तारीख दिसेल. फोन कधी घेतला यापेक्षा ही तारीख महत्त्वाची. ती दोन-तीन महिने मागची असेल तर काळजीचं कारण नाही, कंपन्यांकडून तेवढा उशीर होतो. वर्षभर मागची असेल आणि 'सिस्टिम अपडेट'मध्ये शोधूनही नवं काही येत नसेल, तर कंपनीनं हा फोन सोडून दिला आहे असं आम्ही धरून चालतो.

अँड्रॉइड 10 पासून 'गुगल प्ले सिस्टिम अपडेट' अशी आणखी एक तारीख दिसते. ती ताजी पाहून बरेच जण निर्धास्त होतात. पण ते अपडेट सिस्टिमच्या काही ठराविक भागांपुरतंच असतं. प्रोसेसर, वाय-फाय आणि मोडेमच्या चिपमधले दोष त्यानं दुरुस्त होत नाहीत. म्हणून पहिलीच तारीख पाहा.

धोका वाढतो कसा

जुलै 2015 मध्ये 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष उघड झाला. अँड्रॉइडचा जो भाग व्हिडिओ वाचतो, त्यातच तो होता. मुद्दाम तसा बनवलेला एमएमएस नुसता येऊन पडला, तरी मालकानं तो न उघडताही हल्ला होऊ शकत होता. अँड्रॉइड 2.2 पासून 5.1 पर्यंतचे फोन त्यात सापडले. पुढच्याच महिन्यापासून गुगलनं दर महिन्याला सुरक्षा बुलेटिन काढायला सुरुवात केली.

या बुलेटिनमध्ये कोणत्या भागात काय चुकलं होतं, हे लिहिलेलं असतं. अँड्रॉइडचा बराचसा कोड खुला असल्यानं दुरुस्तीही कोणालाही वाचता येते. जुना कोड आणि नवा कोड शेजारी ठेवले, की फट नेमकी कुठं होती ते जाणकाराला कळतं. अपडेट मिळालेल्या फोनमध्ये ती बुजलेली असते. अपडेट बंद झालेल्या फोनमध्ये ती तशीच राहते आणि आता तिचा पत्ता जगजाहीर झालेला असतो. त्यामुळे 'माझा फोन काल जितका सुरक्षित होता तितकाच आज आहे' हा हिशेब चुकतो. फोनमध्ये काहीही बदललं नाही, तरी प्रत्येक बुलेटिनबरोबर त्याच्या माहीत झालेल्या फटींची संख्या वाढत जाते.

"मी भलतंसलतं डाउनलोडच करत नाही"

हे आम्ही रोज ऐकतो. ती सवय चांगलीच आहे, पण ती पुरत नाही. फेब्रुवारी 2020 च्या अपडेटमध्ये ब्लूटूथचा एक दोष दुरुस्त झाला. अँड्रॉइड 8 आणि 9 च्या फोनवर, ब्लूटूथ चालू असेल तर, जवळपासचा हल्लेखोर मालकानं कशालाही हात न लावता आपला कोड चालवू शकत होता. सप्टेंबर 2023 मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे अनेक ॲप्स वापरतात अशा तयार कोडमध्ये, असाच गंभीर दोष सापडला. क्रोमनं तो लगेच दुरुस्त केला, पण अँड्रॉइडच्या आत असलेली तीच लायब्ररी ऑक्टोबर 2023 च्या सिक्युरिटी अपडेटशिवाय बदलली नाही. चित्र पाहणं हा काही निष्काळजीपणा नव्हे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. खात्यातून पैसे जाण्याचे बरेच प्रकार अशा फटींमधून नव्हे, तर फसवणुकीतून होतात. मेसेजमधून एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकण्याची फाइल, येते, ती इन्स्टॉल होते आणि 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागते. ती दिली, की ॲपला तुमचा स्क्रीन वाचता येतो आणि तुमच्या जागी बटणंही दाबता येतात. हे नव्या फोनवरही घडतं. पण अँड्रॉइड 13 पासून बाहेरून आलेल्या बऱ्याच ॲप्सना ही परवानगी देण्याआधी सिस्टिम आडवी येते. जुन्या फोनमध्ये तो अडसरच नाही.

ॲप्सही हळूहळू साथ सोडतात. अँड्रॉइड 8 आणि 9 साठी क्रोमची 138 ही शेवटची आवृत्ती ठरली. जुन्या ब्राउझरवर बँकेचं संकेतस्थळ उघडू नका.

आयफोनची गोष्ट थोडी वेगळी आहे. 2013 मधल्या आयफोन 5एसला जानेवारी 2023 मध्येही आयओएस 12.5.7 हे अपडेट मिळालं. मात्र इतक्या जुन्या मॉडेलसाठी निवडक गंभीर दोषच बुजवले जातात. सगळ्या दुरुस्त्या हव्या असतील, तर चालू आवृत्ती घेऊ शकणारा फोन लागतो.

जुना फोन वापरायचाच असेल तर

बँकेची आणि पैसे पाठवण्याची ॲप्स त्यातून काढा. मुख्य ईमेल खातंही काढा, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात. ज्या सिमवर ओटीपी येतात ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला. मग गाणी, गजर, फोटो यासाठी फोन खुशाल वापरा, ब्लूटूथ गरज नसेल तेव्हा बंद ठेवून. अँटिव्हायरस ॲपवर भिस्त ठेवू नका. संशयास्पद ॲप ते ओळखू शकेल, सिस्टिममधली फट त्याला बुजवता येत नाही.

कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी 'लिनिएजओएस'सारखी अँड्रॉइडवरच बेतलेली दुसरी सिस्टिम टाकून द्याल का, असंही काही जण विचारतात. तिच्यामुळे अँड्रॉइडचा भाग अद्ययावत होतो, हे खरं. पण चिपचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतलं सॉफ्टवेअर, कंपनीनं सोडलं तिथंच राहतं आणि नव्या सिस्टिमसाठी बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा प्रोग्रॅम) उघडा ठेवावा लागला, तर फोन सुरू होतानाची तपासणी कमकुवत होते. हौसेसाठी ठीक; बँकेच्या कामाच्या फोनला आम्ही तो सल्ला देत नाही.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो एका सवयीपायी. नवा फोन घेतला, की जुना आई-वडिलांना किंवा मुलांना दिला जातो. म्हणजे घरातला सर्वांत असुरक्षित फोन, खोटा मेसेज ओळखायची सवय सर्वांत कमी असलेल्या माणसाच्या हातात पडतो. द्यायचाच असेल तर आधी तारीख पाहा, फॅक्टरी रीसेट करा आणि त्यावर बँकेचं ॲप टाकू नका.

फोन घेताना, विशेषतः वापरलेला, अपडेटची मुदत विचारा. ती बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. पिक्सेल 8 (2023) आणि गॅलेक्सी एस 24 (2024) यांना सात वर्षांचं आश्वासन आहे. स्वस्त मॉडेलना ते बरंच कमी असू शकतं.

आमच्याकडे फोन आला, की दुरुस्तीचा खर्च सांगण्याआधी आम्ही ही तारीख तुमच्यासमोर पाहतो. अपडेट बंद झालं असेल तर तसं सांगतो. दुरुस्ती करायची की नाही, हे तुम्ही ठरवा. फक्त फोटो आणि नंबर काढून घेण्यापुरता स्क्रीन चालू करून हवा असेल, तर तेवढंच काम सांगा.