शाळेबाहेरचा धर्माचा तास: कॅथलिक पोरांना रविवारी कोणी गोळा केलं?

अमेरिकेतल्या कॅथलिक शिक्षणाचा विषय निघाला की सगळे नन्स, युनिफॉर्म आणि कडक शिस्त याच्यावरच बोलतात. पण त्या शाळांची पायरी कधी चढलीच नाहीत अशी पोरं केवढी होती आणि त्यांना धर्म शिकवला कोणी, हे फारसं कोणी विचारत नाही, आणि मला तर तीच गोष्ट जास्त भारी वाटते. १८८४ मध्ये बाल्टिमोरला तिथल्या बिशपांची मोठी परिषद झाली आणि ठरलं की दोन वर्षांच्या आत प्रत्येक चर्चशेजारी शाळा उभी राहिली पाहिजे. पुढच्याच वर्षी प्रश्नोत्तरांचं प्रसिद्ध बाल्टिमोर कॅटेकिझम, म्हणजे धर्मपाठाचं पुस्तक, छापून आलं. ठरवणं सोपं होतं, पण शाळा बांधायला पैसा लागतो, शिकवायला सिस्टर्स लागतात, आणि खेड्यात, कोळशाच्या खाणीवर, शेतमजुरांच्या वस्तीत दोन्ही नव्हतं. त्यामुळे कॅथलिक पोरांपैकी निम्म्याच्या आसपास सरकारी शाळेतच राहिली.

आता शाळेत कसं असतं, पोरगं बाकावर बसलेलंच असतं, घंटा होते, हजेरी लागते. शाळेबाहेर यातलं काहीच नाही. तिथे आधी पोरं आणावी लागतात, मग टिकवावी लागतात, आणि शिकवणं त्याच्या नंतर येतं. या सगळ्या इतिहासात मला दिसतं ते हेच की जिथे जिथे हे काम उभं राहिलं तिथे पुस्तकाइतकाच, कदाचित जास्तच, पोरांना घरातून आणि रस्त्यावरून घेऊन येणारा माणूस महत्त्वाचा होता.

याची सुरुवात इटलीतल्या मिलानमध्ये, १५३६ ला. लढायांनी पिचलेलं शहर, रस्त्यावर उंडारणारी पोरं, आणि कास्तेल्लिनो दा कास्तेल्लो नावाचा एक पाद्री. त्याचा साथीदार फ्रान्चेस्को विल्लानोव्हा याने म्हणे सफरचंदं वाटून रस्त्यावरची पोरं चर्चमध्ये आणली, तिथे कास्तेल्लिनोने त्यांना क्रूसाची खूण करायला शिकवलं आणि त्यातून रविवारच्या शाळा सुरू झाल्या. रविवार आणि सणाचे दिवसच का, तर बाकीचे दिवस ही पोरं कामाला जायची. मुलांचे वर्ग वेगळे, मुलींचे वेगळे, मुलींना शिकवायला बायका, आणि शिकवणारे बहुतेक साधे प्रापंचिक लोक, म्हणजे ना पाद्री ना सिस्टर, पगार शून्य. प्रार्थनेसोबत थोडं लिहायला वाचायलाही शिकवायचे, म्हणजे ज्यांच्या घरात फीचे पैसे नव्हते त्यांना अक्षरओळख इथे झाली. इंग्लंडमधल्या रॉबर्ट रेक्सची संडे स्कूल सगळ्यांना माहीत असते, ती १७८० ची, मिलानचं हे काम त्याच्या जवळजवळ अडीचशे वर्षं आधीचं.

पुढे चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ मध्ये बिशपांना सांगितलं की निदान रविवारी आणि सणाला तरी प्रत्येक पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, मुलांना श्रद्धेची मूळ तत्त्वं शिकवली गेली पाहिजेत. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी हे इतकं मनावर घेतलं की १५८४ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या भागात सुमारे ७४० शाळा, ३,००० शिकवणारे आणि ४०,००० विद्यार्थी होते असा आकडा दिला जातो. सोळाव्या शतकात, बिनपगारी माणसांच्या जिवावर! या शिकवणाऱ्यांच्या संघटनेत काही जणांचं काम एवढंच की गल्लीबोळातून फिरायचं आणि पोरांना वर्गाला घेऊन यायचं, त्यांना म्हणायचेच मासे धरणारे, कारण येशूने आपल्या कोळी शिष्यांना मी तुम्हाला माणसं धरणारे करीन असं सांगितलं होतं. १६०७ मध्ये पोप पाचवा पॉल यांनी रोममध्ये या संघटनेला मुख्य संघाचा दर्जा दिला, नाव कॉन्फ्रॅटर्निटी ऑफ ख्रिश्चन डॉक्ट्रिन, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा बंधुसंघ.

याच काळात हीच पद्धत आपल्याकडे येऊन पोचली होती. फ्रान्सिस झेवियर मे १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि हातात घंटी घेऊन रस्त्यारस्त्यातून पोरांना, गुलामांना हाका मारत फिरायचे असं त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. त्यांच्या स्वतःच्या पत्रात आहे की हॉस्पिटलजवळच्या छोट्या चॅपलमध्ये ते मुलांना प्रार्थना आणि आज्ञा शिकवायचे आणि बऱ्याचदा तीनशेच्या वर मुलं जमायची, मग बिशपने बाकीच्या चर्चनाही तसंच करायला सांगितलं. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला आणि दुसऱ्याच वर्षी झेवियर यांची धर्मपाठाची पुस्तिका छापून निघाली. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोंकणीत सवालजवाबाची धर्मपुस्तिका लिहिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापली गेली. आणि १६१६ मध्ये छापलेलं त्यांचं मराठी ओव्यांचं ख्रिस्तपुराण, त्याचा उगमही धर्माच्या वर्गातच दाखवलाय बघा. गोव्यातल्या साष्टीच्या चर्चमध्ये मुलांना धर्मपाठ चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण फादरना म्हणतो की तुम्ही शिकवता ते चांगलंच आहे पण आमची जुनी पुराणं बंद केलीत तर त्यांच्या जागी आम्हाला काहीतरी द्या. मराठी साहित्यातल्या एवढ्या मोठ्या ग्रंथाची नाळ पोरांच्या धर्मवर्गाशी जोडलेली आहे, हे आपल्या शाळेत कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

अर्थात गोव्यात सगळंच प्रेमाने झालं असं म्हणता येणार नाही. १५५९ च्या हुकुमाने अनाथ हिंदू मुलांना ख्रिस्ती करून वाढवायला जेझुइट पाद्र्यांच्या ताब्यात द्यायचं ठरलं, १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, आणि १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागा असा आदेश काढला. सफरचंद देऊन बोलावणं आणि कायद्याने उचलून नेणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे, तो विसरून हा इतिहास सांगू नये.

आता शिकवायची पद्धत. गोवा असो, मिलान असो की बाल्टिमोर, पद्धत एकच: प्रश्न विचारायचा, पोराने मोठ्याने उत्तर द्यायचं, पाठ होईपर्यंत. आज याला घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडतात, आणि न समजता पाठ करण्याचे तोटे आहेतच, पण मेमरीवरचं संशोधन जरा वेगळी बाजू दाखवतं. बाल्टिमोर कॅटेकिझम आलं त्याच १८८५ साली जर्मनीत हर्मन एबिंगहाउस यांनी विसरण्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरं पाठ करून ते स्वतःचीच परीक्षा घ्यायचे, आणि पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचते ते मोजायचे. एका दिवसाने ही बचत सुमारे ३४ टक्के राहिली, सहा दिवसांनी सुमारे २५ टक्के. आठवड्यातून एकदाच भरणाऱ्या वर्गाची खरी अडचण इथे आहे, या रविवारी शिकवलेलं पुढच्या रविवारपर्यंत बरंचसं उडून जातं.

मग २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर दोनदा वाचणारे पुढे, पण आठवड्याने उलटं झालं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे आठवायचा प्रयत्न करणं हेच शिकणं आहे, आणि जुन्या कॅटेकिझमचा वर्ग म्हणजे तासभर दुसरं काय होतं! कमी पडलं ते अर्थाच्या बाजूला, लहान पोराला धर्मशास्त्राची भारी वाक्यं कळायची नाहीत. त्याच्यावर पुढे काम झालं, रोममध्ये १९५४ पासून सोफिया काव्हालेत्ती आणि जियाना गोब्बी यांनी माँटेसरी पद्धतीने, हाताळायच्या छोट्या लाकडी वस्तू घेऊन तीन वर्षांच्या मुलांसोबत हे करून बघितलं आणि ती पद्धत आज बऱ्याच देशांत चालते.

परत अमेरिकेकडे येऊ. १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांनी फर्मान काढलं की प्रत्येक पॅरिशमध्ये ही जुनी संघटना उभी करा, आणि १९१० मध्ये पहिल्या कम्युनियनचं, म्हणजे मिस्सात पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायचं, वय सातच्या आसपास आणलं, म्हणजे आता अगदी लहान मुलांनाही तयार करायचं काम वाढलं. न्यूयॉर्कच्या एका पॅरिशमध्ये ही संघटना १९०२ लाच सुरू झाली होती. पिट्सबर्गच्या आसपास प्रापंचिक शिक्षक रविवारी कोळशाच्या खाणींच्या वस्त्यांवर जायला लागले, लॉस एंजेलिसमध्ये १९२२ पासून मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी काम सुरू झालं. हे सगळं तुकड्या तुकड्यात चाललं होतं.

त्याला एकत्र बांधणारा माणूस म्हणजे एडविन ओहारा नावाचा पाद्री. मिनेसोटातल्या शेतकऱ्याच्या घरातला, आधी ओरेगॉनमध्ये बायकांच्या किमान वेतनासाठी झगडलेला, त्याच्या नावाचा खटला १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला. १९२० मध्ये त्याने खेड्यातल्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवून माहिती गोळा केली आणि मग स्वतःच ओरेगॉनमधल्या युजीन या छोट्या गावी पॅरिश घेतली. कुटुंबं मैलोनमैल पसरलेली, शाळा काढणं अशक्य. मग १९२१ पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत सिस्टर्सना बोलावून त्याने रोजचे वर्ग भरवायला सुरुवात केली, सकाळी धडे, गाणी, हस्तकला. साधा हिशोब करा ना, रविवारचा एक तास धरला आणि वर्षाचे चाळीस रविवार मिळाले तर चाळीस तास, आणि चार आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज तीन तास बसलं तर साठ, शिवाय रोजच्या रोज उजळणी होते ती वेगळीच. जी घरं याहून लांब त्यांच्यासाठी पोस्टाने धडे, ही कल्पना मोंटानातल्या व्हिक्टर डे नावाच्या पाद्र्याने आधीच चालवली होती, आई धडा शिकवणार, पोर उत्तरं लिहून पाकिटात घालणार, तपासून परत येणार. शंभर वर्षांपूर्वीचं डिस्टन्स लर्निंग आहे हे.

१९३० मध्ये ओहारा बिशप झाला आणि १९३५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये या संघटनेचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. तिथलं रोजचं काम मिरियम मार्क्स या प्रापंचिक बाईंनी वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि पॅरिशपातळीवरही बहुतांश भार बायकांनीच उचलला. संघटनेत कामं वाटून दिलेली होती, शिकवणारे वेगळे, गाडीने ने आण करणारे मदतनीस वेगळे, चर्चागट चालवणारे वेगळे, आणि मिलानसारखेच इथेही मासे धरणारे, म्हणजे दार वाजवून तुमची मुलं वर्गाला का येत नाहीत ते विचारणारे लोक. उगाच नाही म्हणत मी की हा माणूसच महत्त्वाचा होता. ओहारा १९५६ मध्ये इटलीच्या प्रवासात वारला, आणि तोही मिलानमध्येच.

मधल्या काळात कोर्टाचंही एक प्रकरण झालं. बऱ्याच गावांत शाळेच्या वेळातला थोडा वेळ धर्मासाठी सोडायची पद्धत होती. इलिनॉयमधल्या एका आईने याविरुद्ध दाद मागितली आणि १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की सरकारी शाळेच्या इमारतीत हे वर्ग चालणार नाहीत. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या केसमध्ये ६ विरुद्ध ३ ने ठरलं की मुलं शाळेबाहेर जाऊन शिकत असतील तर चालेल. म्हणजे पुन्हा तेच, पोरांना शाळेतून चर्चपर्यंत नेणार कोण.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कॅथलिक शाळांत ५० लाखांच्या वर मुलं होती, आज साधारण १७ लाख आहेत. १९६५ मध्ये सिस्टर्स जवळपास १,८०,००० होत्या, नंतर संख्या झपाट्याने घसरली, बिनपगारी शिक्षक संपले, शाळांची फी वाढली, कुटुंबं उपनगरात गेली. एकेकाळी जो पर्याय म्हणून बघितला जायचा तो शाळेबाहेरचा वर्ग आता बहुतेक कॅथलिक मुलांसाठी धर्म शिकायची एकमेव जागा झाला, आणि तो सांभाळायला पॅरिशमध्ये पगारी प्रापंचिक संचालक नेमायची पद्धत साठच्या दशकाच्या शेवटापासून रुळली.

आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, अनुदानित शाळेत संमतीशिवाय सक्ती करता येत नाही. त्यामुळे वसईत, मुंबईत, गोव्यात मराठी किंवा सरकारी शाळेत जाणाऱ्या कॅथलिक मुलांचा धर्मवर्ग रविवारच्या मिस्साच्या आगेमागे भरतो. शिकवणारे गावातलेच, कोणी आठवडाभर बँकेत किंवा ऑफिसात जाणारी ताई, कोणी रिटायर झालेले सर, आणि एखादं पोरगं दोन रविवार दिसलं नाही की त्याच्या आईला फोन करणारेही तेच.

या लोकांना चर्चकडून अधिकृत स्थान मिळायला मात्र फार वेळ लागला. मे २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिस्ट, म्हणजे धर्म शिकवणारा, ही प्रापंचिकांची रीतसर सेवा म्हणून जाहीर केली, त्यासाठी वेगळा विधी तयार झाला, आणि २३ जानेवारी २०२२ ला रोममधल्या सेंट पीटर्समध्ये पहिल्यांदा ही सेवा देण्यात आली. घेणाऱ्यांमध्ये बायकाही होत्या आणि पुरुषही.