पारा तळाशी बसून राहत नाही

वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी घरांत मासळीचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं: पारा जड, तो खाडीच्या तळाशी बसतो, वरचं पाणी स्वच्छ. हे साफ चूक आहे. खाडीत पाऱ्याचे गोळे नसतात. तो बराचसा गाळाच्या बारीक कणांना चिकटलेला असतो. विरघळलेला भाग सेंद्रिय द्रव्यातल्या गंधकाला घट्ट धरून राहतो. मही नदीच्या मुखाशी भरती चढताना पाणी किती गढूळ होतं ते पाहा: तळाचा गाळ ढवळून वर येतो. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू पाऱ्याचा मिथाइल पारा, म्हणजे त्याचं विषारी सेंद्रिय रूप, करतात, आणि तो माशांच्या मांसात साठतो. १९५६मध्ये उघडकीस आलेला जपानचा मिनामाता रोग याच विषाचा. मासा कितीही तळा, ते जात नाही. म्हणून गरोदर बाईच्या ताटात मुशी (शार्क), म्हणजे इतर मासे खाणारा मासा, नको.