पार्व्हो (कुत्र्यांच्या पिलांचा आजार)

पार्व्हो : कुत्र्यांना, त्यातही साधारण दीड ते सहा महिन्यांच्या पिलांना होणारा अत्यंत सांसर्गिक विषाणुजन्य रोग. श्वान पार्व्होव्हायरस-२ हा त्याचा कारक विषाणू. उलट्या, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त जुलाब आणि झपाट्याने शुष्क होत जाणारे शरीर हे त्याचे ठळक रूप. उपचार न मिळालेली बहुतेक पिले दगावतात. वेळेवर रुग्णालयात पोचलेल्या दहांपैकी आठ-नऊ मात्र वाचू शकतात.

१९७८ पूर्वी हा रोग पशुवैद्यांना माहीत नव्हता. त्या सुमारास अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या ठिकाणी कुत्री दगावू लागली आणि दोनेक वर्षांत विषाणू जगभर पोचला. रोग नवा, त्यामुळे प्रतिकारशक्ती जवळजवळ कुणातच नव्हती. मोठी कुत्रीही त्यात गेली. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया रोगाच्या विषाणूशी याचे अगदी जवळचे नाते आहे. तशाच एखाद्या विषाणूत मोजके बदल होऊन तो कुत्र्यांच्या पेशींत शिरू लागला, असे मानतात. कॉर्नेल विद्यापीठातील लेलंड कार्मायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पावधीत लस तयार केली. रानातल्या प्राण्यांना अर्थातच ती मिळाली नाही. अमेरिकेतील आयल रोयाल बेटावर १९८० मध्ये ५० लांडगे होते, १९८२ मध्ये १४ उरले. माणसांबरोबर आलेल्या कुत्र्यामार्फत पोचलेल्या पार्व्होला त्याचा दोष दिला जातो. भारतात १९८० च्या दशकाच्या आरंभापासून रोगाच्या नोंदी आहेत. विषाणूचे २अ, २ब आणि २००० मध्ये इटलीत आढळलेला २क हे उपप्रकार आज फिरतात.

या विषाणूला वाढायला सतत विभाजित होणाऱ्या पेशी लागतात, आणि वाढत्या पिलाच्या शरीरात त्यांची कमतरता नसते. आतड्याचे अस्तर रोज झिजते व तळाशी असलेल्या पेशी ते भरून काढतात. पार्व्हो नेमक्या त्याच पेशी मारतो. त्याच वेळी अस्थिमज्जा व लसीका ग्रंथींवर हल्ला होऊन पांढऱ्या रक्तपेशी घटतात. आतड्याची भिंत उघडी पडलेली आणि रक्षक गैरहजर, अशा स्थितीत आतड्यातील जिवाणू रक्तात उतरतात. पिलू मरते ते बहुधा शुष्कता आणि या जिवाणुसंसर्गामुळे.

संसर्गानंतर तीन ते सात दिवसांत लक्षणे दिसतात. सुरुवात फसवी असते : पिलू मरगळते, दूध-भात बाजूला सारते. मग उलट्या, आणि एक-दोन दिवसांत रक्ताचे जुलाब. जंत, काही गिळल्याने आतड्यात झालेला अडथळा किंवा डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणुजन्य रोग) यांतही असेच दिसू शकते, म्हणून विष्ठेची झटपट चाचणी आणि पांढऱ्या पेशींची मोजणी करतात. चाचणी निगेटिव्ह आली म्हणून पार्व्हो नाहीच, असे मात्र धरता येत नाही.

विषाणूला थेट मारणारे, सर्वत्र वापरले जाणारे औषध नाही. सारा उपचार म्हणजे आतडे पुन्हा भरून येईपर्यंत पिलाला जगवणे. शिरेतून रिंगर लॅक्टेटसारखे सलाईन, गरजेनुसार पोटॅशियम व ग्लुकोज, उलट्यांसाठी मॅरोपिटंट किंवा ऑनडान्सेट्रॉन, वेदनाशामक आणि ऊब, हा त्याचा गाभा. प्रतिजैविके देतात ती जिवाणूंसाठी. पूर्वी उलट्या थांबेपर्यंत पिलाला उपाशी ठेवत. आता नळीने का होईना, लवकर थोडे थोडे अन्न देतात, कारण त्याने पिले लवकर सावरतात. २०२३ मध्ये अमेरिकेत विषाणूला अडवणाऱ्या एका प्रतिपिंड (अँटिबॉडी) औषधाला सशर्त मंजुरी मिळाली. भरती करणे परवडत नसेल तर दररोज दवाखान्यात नेऊन त्वचेखाली सलाईन व इंजेक्शने देण्याची पद्धत आहे. कोलोराडो राज्य विद्यापीठातील लहानशा अभ्यासात अशा उपचाराने ८० टक्के, तर भरती केलेल्यांपैकी ९० टक्के पिले वाचली. पण ती वैद्याच्या देखरेखीखालची पद्धत आहे. घरी मीठ-साखरेचे पाणी पाजत बसणे म्हणजे उपचार नव्हे : उलट्या होणाऱ्या पिलाच्या पोटात ते टिकत नाही आणि त्यात वाचवता येण्याजोगे तास निघून जातात. माणसांची जुलाब थांबवणारी गोळी किंवा पॅरासिटामॉल देऊ नये.

प्रतिबंधातली खरी अडचण आईच्या चिकातून मिळणाऱ्या प्रतिपिंडांची आहे. ती पिलाचे रक्षण करतात, पण लसही निष्प्रभ करतात. त्यांचे प्रमाण उतरते तेव्हा असे काही दिवस येतात की रोग अडवण्याइतकी ती उरलेली नसतात, आणि लस चालू देण्याइतकी कमीही झालेली नसतात. ही वेळ प्रत्येक पिलात वेगळी येते. म्हणून वयाच्या सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन-चार आठवड्यांनी, आणि शेवटची मात्रा सोळा आठवड्यांनंतर, असे वेळापत्रक असते. विक्रेत्याने ‘एक लस झाली आहे’ असे सांगितले, तर त्यावरून पिलू सुरक्षित आहे असे समजू नये. आपल्याकडे ‘सेव्हन-इन-वन’ किंवा ‘नाइन-इन-वन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अनेक रोगांवरच्या एकत्रित लसीच्या उरलेल्या मात्राही तितक्याच महत्त्वाच्या. रॉटवायलर, डोबरमन, जर्मन शेफर्ड या जातींत रोग अधिक तीव्र दिसतो.

विषाणूवर मेदाचे आवरण नसल्याने साबण, अल्कोहोल, साधे फिनाइल यांचा त्याच्यावर भरवशाचा परिणाम होत नाही. फरशी आधी धुऊन मग एक भाग घरगुती ब्लीच व तीस भाग पाणी असे मिश्रण किमान दहा मिनिटे राहू द्यावे लागते. अंगणातल्या मातीवर हा उपाय चालत नाही. सावलीच्या ओलसर जागेत विषाणू अनेक महिने, कधी वर्षभरही टिकतो. चपला, टोपल्या, माणसांचे हात यांवरूनही तो घरात येतो. बाधित पिलू लक्षणे दिसण्यापूर्वीच विष्ठेतून विषाणू सोडू लागते आणि बरे झाल्यावरही काही दिवस सोडत राहते, त्यामुळे त्याला वेगळे ठेवतात. पार्व्होने पिलू गेलेल्या घरात नवे आणायचे, तर ते पूर्ण लसीकरण झालेलेच असावे. माणसांना हा विषाणू होत नाही. मुलांना पुरळ आणणारा पार्व्होव्हायरस बी१९ वेगळा आहे.