रसवंतीच्या गिअरचा दाता कोपऱ्यातूनच का तुटला?

एप्रिलच्या भर दुपारी नागपुरात वर्धा रोडवरच्या एका रसवंतीचा चरक उसासकट अडकला. मालकाने पत्र्याचं झाकण काढलं आणि तुटका तुकडा माझ्या हातावर ठेवला. बिडाचा, करड्या खरबरीत मोडीचा. पण तो अख्खा दाता नव्हता, दात्याचा नुसता एक कोपरा होता.

गिअरचा दाता म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला सज्जा. भार टोकाला, पण तुटतो मुळाशी. ज्या बाजूने दुसरा दाता ढकलतो, त्या बाजूचं मूळ ओढलं जातं, पाठीमागचं दाबलं जातं. बीड दाब सोसतं, ओढ सोसत नाही. म्हणून तडा भाराच्या बाजूनेच सुरू होतो.

हा ताण किती, याचं सूत्र विल्फ्रेड लुईस यांनी 1892 मध्ये फिलाडेल्फियात मांडलं. दात्याच्या आकृतीत त्यांनी एक पॅराबोला बसवला. तो दात्याच्या कडांना जिथे टेकतो, तोच सर्वांत कच्चा छेद. हिशेब सोपा निघाला: ताण = भार ÷ (रुंदी × मॉड्यूल × वाय). 'मॉड्यूल' हे दात्याच्या मोठेपणाचं माप, 'वाय' हा आकड्यात मांडलेला दात्याचा आकार. 20 अंश दाबकोनाच्या (दाते एकमेकांना ज्या कोनात ढकलतात तो) गिअरला 12 दाते असतील तर तो 0.245, 20 असतील तर सुमारे 0.32. कमी दाते म्हणजे बारीक मूळ.

आम्ही तिथेच मोजमाप केलं. बाहेरचा व्यास 132 मिलिमीटर, दाते 20. दात्यांत दोन मिळवून व्यासाला भागलं की मॉड्यूल मिळतं: 6. रुंदी 40. दात्यावरचा भार 3000 न्यूटन धरला, तर ताण येतो सुमारे 39 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. साधं बीडही ओढीला 150-200 पर्यंत टिकतं. मग तुटला का?

उत्तर उरलेल्या दात्यांवर दिसत होतं. घासून चकाकलेला पट्टा एकाच कडेला, जेमतेम 10 मिलिमीटर. शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश झिजलं होतं, शाफ्ट तिरपा झाला होता. सूत्रात रुंदी 40 ऐवजी 10 घाला: ताण 156! शिवाय उसाचं प्रत्येक पेर रुळात शिरताना बसणारा हिसका वेगळाच, आणि तो दिवसातून हजारो वेळा.

मालक जास्त रुंदीचा गिअर घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, "काका, आधी बुश बदला." बदललं. मग नव्या गिअरच्या दात्यांना शेंदूर फासून चरक हाताने फिरवला. खूण या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग उमटली.