आवृत्ती क्रमांकन (सॉफ्टवेअर)

सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीला ओळख म्हणून क्रमांक देण्याची पद्धत. क्रमांकात बहुधा टिंबांनी जोडलेले दोन-तीन आकडे असतात. हे टिंब दशांशचिन्ह नव्हे, 2.9 नंतर 2.10 येते आणि तीच नवी असते. नवख्यांची इथे हमखास फसगत होते. वापरणाऱ्याला क्रमांकावरून मुख्यतः एवढेच कळायला हवे असते, की ही आवृत्ती रोजच्या कामाला घ्यावी, की ती अजून घडतेच आहे.

लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याने, यासाठी सम-विषमचा आधार घेतला. दुसरा आकडा सम असेल तर आवृत्ती स्थिर, विषम असेल तर विकासातली. 2.3 मध्ये घडलेले काम जानेवारी 2001 मध्ये 2.4 म्हणून बाहेर पडले, 2.5 मधले डिसेंबर 2003 मध्ये 2.6 म्हणून. नियम इतका सोपा, की एकदा ऐकला की विसरत नाही. अडचण निघाली ती वेळेची. दोन स्थिर आवृत्त्यांमध्ये जवळजवळ तीन वर्षे गेली. वितरणे, म्हणजे कर्नलला इतर सॉफ्टवेअर जोडून केलेले संच, तयार करणाऱ्यांना एवढे थांबणे परवडेना, म्हणून ते 2.5 मधल्या सुविधा उचलून आपापल्या 2.4 मध्ये बसवू लागले. क्रमांक स्थिर आवृत्तीचाच राहिला, पण त्याखालचा कर्नल प्रत्येकाचा वेगळा झाला. अखेर 2004 मध्ये विषम शाखा बंद पडली. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीआधी 'आरसी' म्हणजे चाचणीसाठीच्या उमेदवार आवृत्त्या निघतात. 2011 मध्ये 2.6.39 नंतर थेट 3.0 आली. त्यामागे मोठा बदल नव्हता, फक्त आकडे फार वाढले होते.

ग्नोम या लिनक्सवरील डेस्कटॉपनेही 3.38 नंतर, मार्च 2021 मध्ये, थेट 40 गाठून सम-विषम सोडले. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत ते अजून पाळले जाते.

उबुंटू या लिनक्स वितरणाचा क्रमांक वर्ष आणि महिना सांगतो. 6.04 ठरलेली आवृत्ती लांबली, म्हणून ती 6.06 झाली. किती काळ आधार, म्हणजे दुरुस्त्या, मिळणार हे मात्र क्रमांकातून कळत नाही. त्यासाठी 'एलटीएस' (दीर्घकालीन आधार) ही वेगळी खूण लागते.

गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या 'सिमॅंटिक व्हर्जनिंग'मध्ये पहिला आकडा जुन्याशी न जुळणाऱ्या बदलासाठी, दुसरा जुळणाऱ्या भरीसाठी आणि तिसरा दुरुस्तीसाठी वाढतो. पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही बदलू शकते. 1.0.0 च्या पुढे आडवी रेघ देऊन 'अल्फा' लिहिले, की ती आवृत्ती 1.0.0 च्या आधीची ठरते. हा क्रम संगणकाला आपोआप उमगत नाही, तो नियमाने शिकवावा लागतो. डेबियन या लिनक्स वितरणाने त्यासाठी '~' हे चिन्ह योजले आहे. ते क्रमांकाच्या शेवटी जोडले, की ती आवृत्ती त्या मूळ क्रमांकाच्याही आधीची ठरते.