गॉसमर: धसकटांवरचे धागे आणि हंसांचा उन्हाळा

इंग्रजी-मराठी कोशात ‘गॉसमर’ या शब्दापुढे ‘तलम’, ‘झिरझिरीत’, ‘कोळिष्टक’ असे अर्थ सापडतात. चूक त्यातला एकही नाही, पण शब्द मुळात कापडाचा नव्हे आणि घराच्या कोपऱ्यात लोंबणाऱ्या कोळिष्टकाचाही नव्हे. सुगी झाल्यावर, स्वच्छ आणि वारा पडलेल्या सकाळी, इंग्लंडमधल्या कापणी झालेल्या शेतांवर जे बारीक चमकते धागे पसरलेले दिसतात किंवा हवेतून तरंगत येतात, ते गॉसमर.

शब्द जुना आहे, तरी अँग्लो-सॅक्सन काळातल्या लिखाणात तो मिळत नाही. साधारण 1300 पासून ‘गोससोमर’सारख्या रूपांत तो दिसू लागतो. त्याची फोड सरळ आहे: ‘गोस’ म्हणजे गूस, आपल्याकडे ज्याला कलहंस म्हणतात तो पाळीव पक्षी, आणि ‘सोमर’ म्हणजे उन्हाळा. म्हणजे हंसांचा उन्हाळा. उत्तर इंग्लंडच्या बोलींत हीच जोडी उलटी होऊन ‘समर-गूस’ म्हणून टिकली. आता धाग्यांना उन्हाळा का म्हणावे?

सर्वाधिक मानला जाणारा खुलासा असा की, हे आधी धाग्यांचे नाव नव्हतेच, हंगामाचे होते. युरोपात थंडी सुरू झाल्यावर मध्येच काही दिवस उबदार ऊन पडते. 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणावरून त्याला मार्टिनचा उन्हाळा म्हणत, आणि त्या सणाला हंस भाजून खाण्याची रीत होती. हंस खाण्याच्या दिवसांतला उन्हाळा तो हंसांचा उन्हाळा, आणि त्या दिवसांत दिसणारे धागेही पुढे त्याच नावाचे झाले. दुसरा खुलासा हंसाच्या पांढऱ्या मऊ पिसांकडे बोट दाखवतो. धागे गुंतून त्यांची लव झाली की ती पिसांसारखी दिसते खरी, पण मग ‘उन्हाळा’ कुठून आला हे सुटत नाही.

पहिल्या खुलाशातही एक अडचण आहे. तेव्हा जुने ज्युलियन कॅलेंडर चालू होते आणि चौदाव्या शतकात ते आजच्या कॅलेंडरच्या आठ दिवस मागे होते. म्हणजे तेव्हाचा 11 नोव्हेंबर हा आजचा 19 नोव्हेंबर. इंग्लंडात धाग्यांचा भर त्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो. हंसाचा आणखी एक सण मात्र या काळात नेमका बसतो: 29 सप्टेंबरचा मायकेलमस, आजच्या हिशेबाने 7 ऑक्टोबर. या दिवशी खंडाबरोबर मालकाला हंस देण्याची नोंद पंधराव्या शतकातली आहे. कापणीनंतर हंस शेतात सोडत. सांडलेले दाणे टिपून ते लठ्ठ होत, म्हणून त्यांना ‘धसकटांवरचे हंस’ म्हणत. धागेही त्याच धसकटांवर. सण कोणताही धरला तरी शेत तेच, आणि ‘हंसांचा उन्हाळा’ हे नाव तिथे उभे राहून पाहणाऱ्याला सुचेल असेच आहे.

हंगामाचे नाव धाग्यांना लागण्याची चाल एकट्या इंग्रजीची नाही. डच आणि स्वीडिश भाषांत या धाग्यांना ‘उन्हाळ्याचे धागे’ म्हणतात. जर्मनमध्ये ‘आल्टवायबरसोमर’ म्हणजे म्हाताऱ्या बायकांचा उन्हाळा, आणि तो शब्द हंगामालाही चालतो, धाग्यांनाही. उन्हात चमकणारे धागे म्हणजे म्हातारीचे पांढरे केस. (1989 मध्ये एका वृद्धेने या शब्दामुळे अपमान होतो म्हणून डार्मश्टाटच्या न्यायालयात दाद मागितली, न्यायालयाने ती फेटाळली.) रुईचे उडते बी पाहून ‘म्हातारी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. फ्रेंच लोक त्यांना ‘कुमारी मातेचे धागे’ म्हणतात: मेरी स्वर्गात जाताना तिच्या कफनाचे धागे सुटून खाली पडले, अशी कथा. इंग्रजी शब्दाचीही ‘देवाचा उन्हाळा’ किंवा ‘मेरीची जाळीदार ओढणी’ अशी फोड कोणीकोणी केली आहे. ती नंतर रचलेली आहे. जुन्या लेखनात ‘गोस’ स्पष्ट दिसतो.

हे धागे येतात कुठून, याचे कोडे बरेच टिकले. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने माणसांना न उलगडणाऱ्या गोष्टींत मेघगर्जना, भरती-ओहोटी आणि धुक्याबरोबर गॉसमर मोजले आहे. उन्हाने करपलेल्या दवाचे धागे होतात अशी समजूत होती. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने तर 1665 मध्ये उन्हाळ्यातले मोठे पांढरे ढगही याच पदार्थाचे असू शकतील असे लिहिले. 1670 च्या सुमारास निसर्गअभ्यासक मार्टिन लिस्टरने कोळ्यांना धागा सोडून उडताना पाहिले. यॉर्कच्या कॅथीड्रलच्या टोकावर तो चढला, तेव्हाही कोळी त्याच्या डोक्यावरून खूप उंच जात होते.

सर्वांत तपशीलवार वर्णन निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइटचे, 21 सप्टेंबर 1741 चे, हॅम्पशरमधल्या सेल्बर्नच्या परिसरातले. पहाटे धसकटांवर आणि क्लोव्हरच्या गवतावर जाळ्यांचा जाड थर होता. शिकारी कुत्र्यांचे डोळे झाकले जात आणि ते पुढच्या पायांनी तोंड खरवडत. नऊच्या सुमारास वरून जाळ्यांच्या चिंध्या पडू लागल्या, सुमारे एक इंच रुंद आणि पाच-सहा इंच लांब. हे दिवस मावळेपर्यंत चालले.

एवढे धागे साठतात ते बहुतेक फसलेल्या उड्डाणांमुळे. उडणारे कोळी बहुधा काही मिलिमीटर लांबीचे आणि मिलिग्रॅमभर किंवा त्याहून कमी वजनाचे असतात. कोळी काडीच्या टोकाशी चढतो, पायांच्या टोकांवर उभा राहतो, पोट वर करतो आणि धागा सोडतो. चढताना मागे सुरक्षेची दोरी सुटतच असते. उड्डाण जमले नाही की तो खाली येतो, पुन्हा चढतो, पुन्हा दोरी. हजारो कोळ्यांनी सकाळभर हेच केले की शेत पांढरे होते. वारा सेकंदाला सुमारे तीन मीटरपेक्षा जास्त झाला की बहुतेक कोळी उडत नाहीत. थंड रात्र आणि नंतर स्वच्छ ऊन असेल तर जमिनीलगतची हवा वर चढते, म्हणून शरदातली सकाळ सोयीची.

फक्त हवेच्या जोरावर हे होते का, ही शंका डार्विनला आली. 1 नोव्हेंबर 1832 रोजी त्याचे जहाज ‘बीगल’ किनाऱ्यापासून 60 मैलांवर होते, तरी दोरखंडांवर हजारो लहान लालसर कोळी होते. पोटातून निघालेले धागे एकमेकांना न चिकटता फाकतात, हे पाहून त्याने विजेचा विचार केला. 2018 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या एरिका मॉर्ली आणि डॅनियल रॉबर्ट यांनी वारा नसलेल्या पेटीत विद्युतक्षेत्र चालू केले, तेव्हा कोळी वर उचलले गेले. क्षेत्र बंद केले की ते खाली येत. स्वच्छ हवेतही जमिनीजवळ मीटरला सुमारे 100 व्होल्ट एवढा फरक असतो, आणि कोळ्यांच्या पायांवरचे केस विद्युतक्षेत्राने हलतात.

पावसाळ्यानंतर सह्याद्रीतल्या गवतावर दवाने भरलेल्या चादरी दिसतात, त्यांना गॉसमर समजू नये. त्या बहुधा नरसाळ्यासारखे बीळ असलेल्या कोळ्यांच्या शिकारीच्या जाळ्या असतात: एका कोळ्याची एक चादर, आणि कडेला त्याचे बीळ. गॉसमरला ना बीळ, ना घडण, ना मालक.