ओतीव गोळ्यांचे पावडर कोटिंग: टोस्टर ओव्हनपासून कपाटाएवढ्या भट्टीपर्यंत

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये शिशाच्या गोळ्या ओतून स्वतःची काडतुसे भरणाऱ्या नेमबाजांचा छंद जुना आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याला एक नवी पायरी जोडली गेली. ओतलेल्या गोळीला रंगाच्या भुकटीचा पातळ थर देऊन ती ओव्हनमध्ये भाजतात. इथे पावडर म्हणजे रंगाची भुकटी. बंदुकीच्या दारूशी तिचा संबंध नाही. सुरुवात बहुतेकांची जुन्या टोस्टर ओव्हनने होते आणि शे-दोनशे गोळ्यांपलीकडे तो पुरत नाही. मग मोठा ओव्हन घ्यायचा की बांधायचा, हा प्रश्न येतो. तो नीट सोडवायचा तर शिसे, भुकटी आणि ओव्हन ही तिन्ही कुठून आली ते पाहावे लागते.

उघड्या शिशाची अडचण बंदुकीइतकीच जुनी आहे. नळीतल्या आट्यांवरून गोळी घासत जाते, शिसे मऊ असल्याने खरवडले जाते आणि नळीला चिकटून बसते. काळ्या दारूच्या काळात यावर मेण-चरबीचा लेप आणि गोळीभोवती गुंडाळलेला कागद हे उपाय होते. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू तयार केली. वेग आणि दाब वाढले, तसे मऊ शिसे पुरेना. त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिन याने तांब्याच्या कवचाची गोळी पुढे आणली आणि लष्करांनी तीच धरली. ओतीव गोळी मात्र छंदात टिकली. जॉन बार्लो यांची आयडियल कंपनी साचे आणि अवजारे पुरवत होती. १९२५ मध्ये ती लायमन कंपनीने घेतली. गोळीच्या खाचांत वंगण दाबून भरायचे आणि त्याच झटक्यात तिचा व्यास नेमका करायचा, ही त्या अवजारांची रीत अनेक दशके चालली. वंगणात मधमाशांचे मेण आणि ॲलॉक्स (पेट्रोलियमपासूनचे एक वंगण) निम्मे-निम्मे, हे अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या ई. एच. हॅरिसन यांनी रुजवलेले मिश्रण आजही अनेकांना तोंडपाठ आहे. ते चालते, पण धूर करते, उन्हाळ्यात पाझरते आणि हात कायम चिकट ठेवते.

शिसेही शुद्ध नसते. कडकपणासाठी त्यात कथील आणि अँटिमनी घालतात. लायमन क्रमांक २ या मिश्रधातूत ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी असते. छापखान्यात अक्षरांच्या ओळी ओतणाऱ्या लायनो यंत्राच्या धातूत सुमारे १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. लायनो बंद पडत गेले तेव्हा तो धातू भंगारात आला आणि गोळ्या ओतणाऱ्यांनी उचलला. पुढे मोटारीच्या चाकांना लावायची शिशाची वजने हा त्यांचा मुख्य साठा झाला. ओव्हनसाठी यातला एक आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण कथील आणि अँटिमनी दोन्ही असलेले मिश्रण २४० अंशांच्या आसपास वितळू लागते. पावडर भाजायची असते साधारण २०० अंशांना. म्हणजे हाताशी उरतात फक्त ४० अंश. लोखंडी दरवाजे भाजणाऱ्याचा ओव्हन २५० वर गेला तर रंग पिवळा पडेल. गोळ्या भाजणाऱ्याच्या ट्रेमध्ये त्याच तापमानाला डबके होईल.

आता भुकटी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीत क्नाप्साक-ग्रीसहाइम या कंपनीत एर्विन गेमर यांनी तरंगत्या भुकटीच्या हौदाची पद्धत काढली आणि १९५३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. सच्छिद्र तळातून हवा सोडली की भुकटी पाण्यासारखी हलकी होते. वस्तू आधी तापवायची आणि त्यात बुडवायची, भुकटी तिच्यावर वितळून बसते. या पद्धतीत ओव्हन आधी येई आणि थर जाड बसे, पाव मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. १९६० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत स्थिर विजेचा भार देऊन भुकटी फवारणारी यंत्रे बाजारात आली. त्यात फ्रान्सच्या साम्स कंपनीचे नाव पुढे होते. थंड, अर्थिंग दिलेल्या वस्तूवर भुकटी विजेने चिकटते, मग भाजली जाते. ओव्हन शेवटी गेला आणि थर ६० ते ८० मायक्रॉनवर आला. इपॉक्सीच्या जोडीला पॉलिएस्टर भुकट्या आल्या आणि १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्यानंतर द्रावक न उडवणाऱ्या या रंगाला तिथल्या कारखान्यांत जोर आला. आपल्याकडे भोसरी, अंबड, वाळूजच्या एमआयडीसीत ‘सेव्हन टँक’ची (रंगाआधी वस्तू सात हौदांत धुण्याची) पाटी लावून जॉब वर्क करणारे युनिट त्याच घराण्यातले. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने बंदी आहे, त्यामुळे गोळ्यांचा हा छंद इथे नाही. भट्टी मात्र तीच आहे.

गोळीला प्लास्टिकचा थर ही कल्पनाही छंदवाल्यांच्या आधीची. स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीने नायलॉनचा थर दिलेली नायक्लॅड गोळी काढली होती. बंदिस्त रेंजवर शिशाची धूळ कमी व्हावी हा हेतू होता. पुढे ती फेडरल या काडतूस कंपनीकडे गेली. ऑस्ट्रेलियातून हाय-टेक नावाचा, द्रावकात कालवून लावायचा आणि भाजायचा लेप आला. छंदवाल्यांनी मात्र दुकानात मिळणारी साधी पॉलिएस्टर भुकटी घेतली आणि फवारणी यंत्रालाच फाटा दिला. पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात गोळ्या, चमचाभर भुकटी आणि खेळण्यातल्या बंदुकीचे ६ मिलिमीटरचे काळे प्लास्टिक छर्रे घालून मिनिटभर डबा गोल हलवायचा. घासण्याने भार तयार होतो आणि भुकटी गोळीला धरते. दमट हवेत हा भार टिकत नाही आणि गोळ्या ठिपकेदार निघतात. भाजल्यावर व्यास अंदाजे २५ ते ७५ मायक्रॉनने वाढतो, म्हणून नेमका व्यास करण्याचे काम थर दिल्यानंतर करतात.

या युक्तीने थर देणे मिनिटांवर आले आणि सगळी अडचण ओव्हनच्या दारात येऊन थांबली.

टोस्टर ओव्हन पाव भाजायला बनवलेला आहे. त्याचे लालबुंद एलिमेंट किरणांनी तापवतात, तर थर्मोस्टॅट १५-२० अंश वरखाली झुलतो. तबकडीवरचा आकडा आणि ट्रेवरचे तापमान यांत ३० अंशांचाही फरक पडतो. नियम असा, की मधल्या गोळ्या कच्च्या राहतात आणि एलिमेंटच्या थेट समोर आलेल्या बुडापासून मऊ पडून बसतात. कच्ची गोळी ओळखायला एसीटोनने भिजवलेला बोळा पुरतो. रंग बोळ्यावर उतरला, की भाजणे अपुरे. हातोडीने चपटी केल्यावर थराच्या पापड्या उडाल्या, तरी तेच. एलिमेंट आणि ट्रे यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा घातला, की छोटा ओव्हनही बराच सुधारतो.

मोठ्या ओव्हनकडे वळताना पहिली चूक होते ती वॅट मोजत बसण्याची. हिशेब करून पाहा. शिशाची विशिष्ट उष्णता फारच कमी, लोखंडाच्या सुमारे पाव. ८ ग्रॅमच्या ३,७०० गोळ्या म्हणजे साधारण ३० किलो शिसे. ते ३० अंशांवरून २०० वर न्यायला सुमारे ६५० किलोज्यूल लागतात. अडीच किलोचे पाच लोखंडी ट्रे १,०४० किलोज्यूल खातात. आतून ६० सेंमी रुंद, ६० खोल आणि ९० उंच असा खोका १.२ मिमी पत्र्याचा केला, तर त्या पत्र्याचे वजन सुमारे २७ किलो होते आणि तो एकटा २,२५० किलोज्यूल घेतो. विजेचा मोठा भाग पत्रा आणि ट्रे तापवण्यात जातो. म्हणून आतला पत्रा पातळ, ट्रेऐवजी चौकटीत ताणलेली जाळी आणि एका घाण्यामागे लगेच दुसरा घाणा, यातच बचत आहे.

एकूण बेरीज ४,००० किलोज्यूलच्या आत, म्हणजे सव्वा युनिटहून कमी. अमेरिकी घरातल्या १२० व्होल्ट, १५ ॲम्पियरच्या सॉकेटवर सलग वापरासाठी १,४४० वॅट मिळतात. गळती वजा जाता पहिला घाणा तापायलाच तास जातो. २४० व्होल्ट, ३० ॲम्पियरच्या लाइनवर ५,७६० वॅटपर्यंत जाता येते. तिथे घरगुती ओव्हनची २,५०० वॅटची दोन एलिमेंट २१ ॲम्पियर घेतात आणि वीस-पंचवीस मिनिटांत काम होते. भिंतीत १०० मिमी रॉकवूल (दगडी लोकर) असेल तर इन्सुलेशनमधून अडीचशे वॅटच्या आसपास उष्णता जाते, ५० मिमी असेल तर दुप्पट. आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याला जोडणारी प्रत्येक लोखंडी पट्टी आणि दाराची प्रत्येक फट हा आकडा वाढवते. दाराला काचतंतूंची दोरी लावावी, रबर टिकत नाही.

खरा फरक हवा करते. गरम हवा प्रत्येक ट्रेवरून सारखी वाहिली पाहिजे. छताला पंखा लावून हवा नुसती ढवळली तर वरचा ट्रे २१० वर आणि खालचा १७० वर राहतो, कारण ट्रे स्वतःच हवेच्या वाटेत आडवे असतात. औद्योगिक भट्ट्यांत म्हणून एका बाजूच्या भिंतीत भोके पाडलेला दुहेरी पत्रा असतो. हवा त्यातून आडवी, ट्रेंच्या मधून वाहते आणि समोरून परत ओढली जाते. एलिमेंट त्या दुहेरी पत्र्यामागे बसवले, की किरणांचा त्रासही संपतो. पंख्याची मोटर बाहेर ठेवून फक्त दांडा आत घ्यावा. आत ठेवलेली साधी मोटर २०० अंशांत तग धरत नाही. झोत फार जोराचा नको. भुकटी वितळून धरेपर्यंत ती फक्त विजेच्या भाराने चिकटलेली असते आणि भोकांजवळच्या गोळ्यांवरून उडून जाते.

नियंत्रणाचा भाग आज सगळ्यात स्वस्त आहे. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूसाठी मांडलेले आणि १९४२ मध्ये झीग्लर आणि निकोल्स यांनी जुळवण्याची रीत दिलेले पीआयडी नियंत्रण (मोजलेल्या तापमानानुसार वीज आपोआप कमी-जास्त करणारे) आता तळहाताएवढ्या डब्यात मिळते. सोबत के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) आणि ४० ॲम्पियरचा सॉलिड स्टेट रिले, म्हणजे एलिमेंटची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. २१ ॲम्पियरला हा रिले पंचवीस-तीस वॅट उष्णता स्वतः टाकतो, म्हणून त्याला ॲल्युमिनियमचा हीटसिंक लागतोच. आणि इथेच सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. असा रिले बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेत अडकतो. कंट्रोलर बंदचा हुकूम देत राहतो आणि एलिमेंट तापतच राहते. त्यासाठी वेगळा सेन्सर असलेला, हाताने पूर्ववत करावा लागणारा मर्यादा-थर्मोस्टॅट २२५ अंशांना लावून त्यावर मुख्य कॉन्टॅक्टर (एलिमेंटची सगळी वीज तोडणारा स्विच) बसवावा. वर सांगितलेले ४० अंश याच्याशिवाय सुरक्षित नाहीत.

बांधायचा की घ्यायचा? एका वेळी हजार-दीड हजार गोळ्या भाजायच्या असतील, तर भिंतीत बसवायचा जुना २४० व्होल्टचा पंखेवाला घरगुती ओव्हन घेणे आमच्या मते शहाणपणाचे. त्याची पोकळी १२०-१४० लिटरची, इन्सुलेशन आणि दार तयार, फक्त थर्मोस्टॅटच्या जागी पीआयडी आणि मर्यादा-थर्मोस्टॅट बसवायचा. त्याहून जास्त लागले तरच लोखंडी कपाट किंवा लॉकर घेऊन बांधावे. आतला जुना रंग पूर्ण खरवडावा, नाहीतर तो जळून धुरकटेल. वायर साधी पीव्हीसीची नको, काचतंतूंच्या वेष्टणाची हवी. धूर बाहेर सोडायला ५० ते ७५ मिमीची नळी छतातून काढावी. २०० अंशांना शिशाची वाफ होत नाही. पण गोळ्यांवरची शिशाची धूळ ट्रेवर, दारावर आणि हातावर राहते. ज्या ओव्हनमध्ये एकदा गोळ्या गेल्या, त्यात अन्न पुन्हा कधीही जाऊ नये.

नवा ओव्हन आधी रिकामा, उघड्या जागेत ठेवून, तासभर २२० वर चालवावा. पत्र्याचे तेल आणि रॉकवूलमधला बंधक जळून जातो. मग सगळे ट्रे गोळ्यांनी भरून नऊ जागी, वर-मध्ये-खाली आणि डावीकडे-मध्ये-उजवीकडे, तापमान नोंदवावे. थर्मोकपलचे टोक हवेत लोंबकळत न ठेवता गोळीला भोक पाडून आत बसवावे. भुकटीच्या डब्यावर ‘२०० अंश, १० मिनिटे’ असे लिहिलेले असते ते धातूचे तापमान. हवा २०० ला पोचल्यावर गोळी तिथे यायला आणखी सात-आठ मिनिटे लागत असतील, तर घड्याळ तिथून सुरू करायचे. नऊ जागांत १० अंशांपेक्षा जास्त फरक निघाला तर तापमान वाढवून भरपाई करू नये. भिंतीतली भोके गरम बाजूला बुजवून थंड बाजूला मोठी करावीत आणि पुन्हा मोजावे.